जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाकणे आणि बूट न होण्याच्या तक्रारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कमांड आणि पडद्यावरचे संदेश इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

१. कॉम्प्युटर सुरूच होत नाही. विंडोज नव्याने टाकली की चालू होईल ना?

तो नेमका कुठे अडतो, त्यावर ते ठरतं. बटण दाबल्यावर आधी वीज पोचते, मग बायोस (मदरबोर्डमध्येच साठवलेला पहिला प्रोग्रॅम) मेमरी आणि ग्राफिक्स तपासतो, डिस्क ओळखतो, डिस्कवरचा बूटलोडर शोधतो आणि बूटलोडर विंडोज उचलतो. विंडोज नव्याने टाकल्याने यातले फक्त शेवटचे दोन टप्पे दुरुस्त होतात.

पंखा फिरतो पण पडदा काळाच, तर प्रश्न २ पहा. कंपनीचा लोगो येतो पण बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसत नाही, तर केबल किंवा डिस्क गेली आहे (प्रश्न ३). डिस्क दिसते पण काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ येऊन सगळं थांबतं, तर घोळ बहुधा बूटलोडरचा (प्रश्न १३ आणि १४). विंडोजचा लोगो येऊन मग अडकलं, तरच विंडोजवर संशय घ्यायचा, आणि तोही डिस्क तपासल्यावर. बायोसमध्ये शिरायला डेल, एसर आणि लेनोवोवर बहुतेक वेळा एफ२, एचपीवर एफ१०, असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर डिलीट.

२. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडद्यावर काहीच येत नाही. मधेच बीप वाजतात.

वायर काढा, लॅपटॉप असेल तर बॅटरीही काढा आणि पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा. मग रॅमच्या पट्ट्या काढा, त्यांच्या सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबराने हलक्या घासून कोरड्या कापडाने पुसा, स्लॉटमधली धूळ ब्रशने झाडा. आता एकच पट्टी लावून सुरू करून पहा. नाही झालं तर तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी पट्टी. जुन्या मशिनच्या काळ्या पडद्यावर हा उपाय इतक्या वेळा लागू पडतो की तो केल्याशिवाय पुढे जाऊच नये.

बीपचा अर्थ बायोस कोणाचा आहे यावर बदलतो. अवॉर्डवर एक लांब आणि दोन आखूड म्हणजे ग्राफिक्स, आणि थांबत थांबत वाजत राहणारा लांब बीप म्हणजे मेमरी. एएमआयवर एक ते तीन आखूड बीप मेमरीकडे बोट दाखवतात, आठ ग्राफिक्सच्या मेमरीकडे. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्याच कार्डाला लावली आहे ना, हेही पहा.

मदरबोर्डवरचे उभे गोल कपॅसिटर वरून फुगलेले किंवा चिकट दिसले, तर सॉफ्टवेअरचा विचार सोडा. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार शिल्लक असू शकतो.

३. डिस्क खराब आहे की विंडोज बिघडली आहे, हे कसं ओळखायचं?

डिस्क स्वतःची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोज चालत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो, नसेल तर लाइव्ह (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या) लिनक्समधलं 'डिस्क्स' हे प्रोग्रॅम ती नोंद दाखवतं. तीन ओळी बघायच्या. ०५ ही बदली केलेल्या सेक्टरांची संख्या. थोडी असून स्थिर असेल तर चालतं, वाढत असेल तर डिस्क उतरणीला लागली आहे. सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकालाची वाट पाहणारे सेक्टर. इथे शून्याव्यतिरिक्त काहीही असेल तर त्या डिस्कवर नवी विंडोज टाकण्यात अर्थ नाही. सी७ वाढत असेल तर दोष बहुतेकदा डिस्कचा नसून साटा केबलचा असतो, तेव्हा आधी केबल बदला. ही तीन आकड्यांची रीत फिरत्या हार्ड डिस्कसाठी आहे. एसएसडीच्या नोंदी कंपनीगणिक वेगळ्या असतात.

डिस्क टकटक आवाज करत असेल तर ती लगेच बंद करा. आणि डेटा काढण्याआधी चेकडिस्क 'स्लॅश आर' लावून चालवू नका. ती कमांड सगळी डिस्क वाचून काढते, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढा ताण पुरतो.

४. विंडोज सुरू होत नाही, पण आतल्या फाइली हव्या आहेत. कशा काढू?

लिनक्स मिंट किंवा तत्सम लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशिन सुरू करा (पेनड्राइव्ह बनवण्यासाठी प्रश्न ८). 'ट्राय' निवडा, इन्स्टॉल नव्हे. फाइल मॅनेजरमध्ये जुनी डिस्क उघडून 'यूजर्स' फोल्डर दुसऱ्या बाहेरच्या डिस्कवर उतरवा. विंडोज फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट झोपलेली असेल तर डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडते. आपल्याला तेवढंच हवं आहे.

राहून जाणाऱ्या गोष्टी नेहमीच्याच असतात: सी ड्राइव्हच्या मुळाशी बनवलेली फोल्डरं, हिशेबाच्या सॉफ्टवेअरने 'प्रोग्रॅमडेटा'त ठेवलेला डेटा, आउटलुकच्या पीएसटी फाइली. ब्राउझरमधले पासवर्ड नुसती फाइल उचलून मिळत नाहीत, कारण ते विंडोजच्या लॉगिनशी बांधून कूटबद्ध केलेले असतात. ते विंडोज चालू असतानाच एक्सपोर्ट किंवा सिंक करावे लागतात.

डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हवीच. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. कॉम्प्युटर अजिबात सुरू होत नसेल तर डिस्क काढून यूएसबी-साटा अडॅप्टरने दुसऱ्या मशिनला जोडता येते. साडेतीन इंची डिस्कला मात्र १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा असलेला अडॅप्टर लागतो, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही.

५. रीसेट, रिपेअर आणि फॉरमॅट मारून नव्याने टाकणं, यात काय फरक?

विंडोज सुरू होते पण बिघडलेली आहे, तेव्हा चालू विंडोजमधूनच पेनड्राइव्हवरची सेटअप फाइल चालवा आणि 'फाइली व अ‍ॅप्स ठेवा' निवडा, हा रिपेअर. रीसेटमध्ये तुमच्या फाइली ठेवता येतात, पण बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम उडतात. व्हायरस, डिस्क बदल किंवा जुन्या आवृत्तीचा वर्षानुवर्षांचा साठलेला गाळ असेल तर सरळ फॉरमॅट. फॉरमॅट न करता त्याच पार्टिशनवर विंडोज टाकली तर जुना मजकूर 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डरात सापडतो, हे चुकून टाकून बसलेल्यांनी लक्षात ठेवावं.

६. जुन्या मशिनवर नेमकी कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकावी?

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), यूईएफआय (बायोसची नवी पिढी), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. रूफससारख्या पेनड्राइव्ह बनवणाऱ्या साधनाने या अटी चुकवता येतात, पण सगळ्या नाही: २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना नसतील तर ती बूटच होत नाही. म्हणजे कोअर टू ड्युओ बाद. शिवाय अटी चुकवून टाकलेल्या मशिनला पुढची मोठी आवृत्ती आपोआप मिळेलच याची खात्री नसते.

इंटरनेट, कागदपत्रं आणि व्हिडिओ एवढंच काम असेल तर ४ जीबीवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती आणि २ जीबीवर लुबुंटू हे आमचं उत्तर. ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडायची सवय मात्र २ जीबीवर सोडावी लागेल. प्रोसेसर ३२ बिटचाच असेल तर पर्याय आटत चालले आहेत. डेबियन लिनक्स १३ ने २०२५ मध्ये ३२ बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलर बंद केला. अँटीएक्स अशा मशिनवर अजून चालते.

पैसे खर्च करायचेच असतील तर रॅमच्या आधी साटा एसएसडी घ्या. फिरत्या डिस्कवर कोणतीही नवी सिस्टीम रखडतेच.

७. प्रॉडक्ट की सापडत नाही. विंडोज अ‍ॅक्टिव्हेट होईल का?

त्याच मदरबोर्डवर विंडोज १० किंवा ११ आधी अ‍ॅक्टिव्हेट झालेली असेल तर सेटअपमध्ये 'माझ्याकडे की नाही' निवडा आणि तीच एडिशन टाका, होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. इंटरनेट मिळालं की ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. विंडोज ८ पासूनच्या ब्रँडेड मशिनमध्ये की बायोसमध्येच साठवलेली असते आणि सेटअप ती न विचारता उचलतो. विंडोज ७ च्या स्टिकरवरची की वापरून १० अ‍ॅक्टिव्हेट करायची वाट मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या सप्टेंबरात बंद केली. मदरबोर्ड बदलला की कॉम्प्युटर नवा धरला जातो.

८. बूटेबल पेनड्राइव्ह कसा बनवायचा? आयएसओ फाइल कॉपी केली तर चालत नाही का?

नाही. नुसत्या कॉपीने पेनड्राइव्हवर बूट करण्याची माहिती लिहिली जात नाही. ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जाणार हे धरून चला. रूफसमध्ये आयएसओ (सेटअपची अख्खी डिस्क साठवलेली फाइल) निवडल्यावर 'पार्टिशन स्कीम' हा एकच निर्णय महत्त्वाचा: साधारण २०१२ च्या आधीच्या, निव्वळ बायोस असलेल्या मशिनसाठी एमबीआर (डिस्कची विभागणी नोंदवण्याची जुनी पद्धत), यूईएफआय असलेल्यांसाठी जीपीटी (नवी पद्धत). विंडोजच्या आयएसओमधली मुख्य फाइल अनेकदा ४ जीबीहून मोठी असते आणि एफएटी३२ वर तेवढी फाइल मावत नाही. रूफस अशा वेळी एनटीएफएस वापरून मार्ग काढतं, तेव्हा ते जे सुचवतं ते बदलू नका. एकाच पेनड्राइव्हवर अनेक आयएसओ ठेवायच्या असतील तर व्हेंटॉय सोयीचं. डाउनलोड मधे तुटलं असेल असं वाटल्यास एसएचए-२५६ बेरीज (फाइलचा ठसा) वेबसाइटवर दिलेल्या बेरजेशी जुळवून पहा, प्रश्न १२ मधले निम्मे त्रास तिथेच टळतात.

९. पेनड्राइव्ह बनवला, पण बूट मेन्यूत दिसतच नाही.

आधी तो मागच्या बाजूच्या यूएसबी २.० पोर्टला थेट लावा. निळ्या रंगाचे ३.० पोर्ट आणि हब जुन्या बायोसला बूटच्या वेळी कळत नाहीत. बूट मेन्यूची की डेल, लेनोवो, गिगाबाइटवर एफ१२, एचपीवर एफ९, एमएसआयवर एफ११, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप आणि मदरबोर्डवर एफ८. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर एफ१२ चा मेन्यू मुळात बंद असतो, तो बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो.

तरी दिसत नसेल तर बायोसमधलं फास्ट बूट बंद करा, आणि पेनड्राइव्ह लेगसीसाठी (जुन्या बायोस पद्धतीसाठी) बनवला असेल तर सिक्युअर बूट बंद करून सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) चालू करा. एसरवर सिक्युअर बूटची ओळ पुसट दिसते, कारण आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवावा लागतो. काम झालं की तो पासवर्ड काढून टाका. विसरलेला बायोस पासवर्ड हे वेगळंच दुखणं आहे. खूप जुन्या मशिनमध्ये पेनड्राइव्ह 'हार्ड डिस्क' या गटाच्या आत लपलेला असतो, तो गट उघडून त्याला वर न्यावं लागतं.

१०. सेटअप म्हणतो, निवडलेली डिस्क जीपीटी पद्धतीची आहे (किंवा एमबीआरची आहे), इथे विंडोज टाकता येणार नाही. आता?

सेटअप ज्या पद्धतीने सुरू झाला, त्याला जुळणारी डिस्क हवी: लेगसी पद्धतीने सुरू झाला तर एमबीआर, यूईएफआयने झाला तर जीपीटी. एकच पेनड्राइव्ह बूट मेन्यूत अनेकदा दोनदा दिसतो, एक साधं नाव आणि एक 'यूईएफआय' लागलेलं. त्यामुळे डिस्क पुसायच्या आधी बाहेर पडून दुसऱ्या नावाने बूट करून पहा. डेटा न गमावता सुटण्याची ही सोपी वाट आहे.

डिस्क रिकामीच करायची असेल तर सेटअपमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबून डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क आणि क्रमांक, क्लीन, मग कन्व्हर्ट जीपीटी किंवा कन्व्हर्ट एमबीआर. क्रमांक निवडताना डिस्कची क्षमता दोनदा वाचा; 'क्लीन' पुन्हा विचारत नाही. २ टीबीहून मोठी डिस्क एमबीआरमध्ये पूर्ण वापरता येत नाही.

११. दोन डिस्क आहेत. कोणती पार्टिशनं काढू, कोणती ठेवू?

ज्या डिस्कवर विंडोज टाकायची नाही तिची केबल सेटअपच्या आधी काढून ठेवा. हे सांगूनही लोक टाळतात आणि सहा महिन्यांनी जुनी डिस्क काढली की कॉम्प्युटर बूट होत नाही, कारण सेटअपने बूटलोडर गुपचूप तिच्यावर ठेवलेला असतो. सुटका प्रश्न १४ मध्ये आहे, पण केबल काढणं सोपं.

एकाच डिस्कवर डी ड्राइव्ह वाचवायचा असेल तर फक्त जुना सी आणि त्याच्याबरोबरची १०० ते ५०० एमबीची सिस्टीम पार्टिशनं डिलीट करा, आणि त्या मोकळ्या जागेवर उभं राहून 'नेक्स्ट' दाबा. ड्राइव्हची अक्षरं सेटअपमध्ये दिसत नाहीत, आकारावरून ओळखावं लागतं. म्हणून आधीच आकार कागदावर लिहून ठेवा.

१२. सेटअप अर्ध्यावरच अडतो किंवा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

पुन्हा पहिल्यापासून सुरू होणं हा बिघाडच नाही. पहिल्या रीस्टार्टनंतर मशिन परत पेनड्राइव्हवरून बूट होतं, एवढंच. त्या क्षणी पेनड्राइव्ह काढा, किंवा 'प्रेस एनी की' आल्यावर काहीच दाबू नका.

'मीडिया ड्रायव्हर मिसिंग' या संदेशात ड्रायव्हर शोधत बसू नका. विंडोज १० मध्ये याचं कारण बहुधा खराब आयएसओ, खराब पेनड्राइव्ह किंवा यूएसबी ३.० पोर्ट असतं. विंडोज ७ मध्ये मात्र ३.० चा ड्रायव्हर खरोखरच नसतो, त्यामुळे सेटअप सुरू होऊन माउस आणि कीबोर्ड मरतात; सगळं २.० पोर्टवर लावा.

फाइली कॉपी होताना ०एक्स८००७०५७० हा एरर आला तर आधी पेनड्राइव्ह नव्याने बनवा. तरी आला तर मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर एकेक पट्टी वेगळी तपासा, कारण 'फक्त एकच एरर आहे' ही मेमरीच्या बाबतीत समाधानाची गोष्ट नाही. डिस्कची यादीच रिकामी असेल तर बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) 'रेड' वर आहे का पहा. 'एएचसीआय' केल्यावर बहुतेकदा दिसू लागते. हा बदल नव्याने टाकतानाच करायचा, चालू विंडोजवर नव्हे (प्रश्न १५).

१३. काळ्या पडद्यावर येणाऱ्या या ओळींचा अर्थ काय?

'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस', 'ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड' किंवा 'डिस्क बूट फेल्युअर': बायोसला बूट करण्याजोगं काही सापडलं नाही. कुठे पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड लावलेलं राहिलंय का, मग बूटचा क्रम, मग डिस्क दिसते का, या ओळीने पहा. 'बूटमॅनेजर इज मिसिंग' व्हिस्टापासून पुढचा बूटलोडर हरवल्याचं सांगते, 'एनटीएलडीआर इज मिसिंग' एक्सपीचा. 'स्मार्ट स्टेटस बॅड' आली तर त्याच दिवशी बॅकअप घ्या. 'सीपीयू फॅन एरर' ला एफ१ दाबून पुढे जाता येतं, पण पंखा खरंच बंद असेल तर प्रोसेसर तापून मशिन मधेच बंद पडेल.

१४. विंडोज न उडवता बूटलोडर दुरुस्त करता येतो का?

बहुतेक वेळा येतो. पेनड्राइव्हवरून सुरू करून 'रिपेअर युवर कॉम्प्युटर' मधून आधी स्टार्टअप रिपेअर चालवा. नाही जमलं तर कमांड प्रॉम्प्ट. जुन्या बायोस-एमबीआर मशिनवर बूटरेक स्लॅश फिक्सएमबीआर, बूटरेक स्लॅश फिक्सबूट, बूटरेक स्लॅश रीबिल्डबीसीडी, या क्रमाने. डिस्कवर ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) असेल तर पहिली कमांड त्याला पुसून टाकते, हे ध्यानात घ्या.

यूईएफआयवर फिक्सबूट 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' म्हणून हात झटकतं. तिथे डोकं आपटू नका. डिस्कपार्टमध्ये लिस्ट व्हॉल्यूम करा, १०० एमबीच्या आसपासचा एफएटी३२ व्हॉल्यूम निवडा, त्याला एस हे अक्षर द्या (असाइन लेटर = एस) आणि एक्झिट. मग बीसीडीबूट, स्पेस, सी:\विंडोज, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, एस:, स्पेस, स्लॅश एफ, स्पेस, यूईएफआय. इथे एक खाचखळगा आहे: रिकव्हरीत तुमचा सी ड्राइव्ह डी किंवा ई म्हणून दिसू शकतो. 'डीआयआर सी:' करून विंडोज फोल्डर खरंच तिथे आहे का ते आधी पहा.

१५. काल चालू होतं, आज ०एक्स७बी किंवा 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा निळा पडदा येतो.

साटा मोड बदलला गेलाय का, हे सर्वांत आधी. विंडोज ज्या मोडमध्ये टाकली होती (आयडीई, एएचसीआय किंवा रेड) त्याचाच ड्रायव्हर ती सुरुवातीला उचलते. मोड बदलला की तिला स्वतःची डिस्क दिसत नाही. कोणी हात लावला नसला तरी सीएमओएसची (बायोसची सेटिंग जपणारी) बॅटरी संपून बायोस मूळ सेटिंगवर गेला की हेच घडतं (प्रश्न १६). मोड पूर्ववत करा, विंडोज उभी राहते.

एसएसडी लावल्यावर आयडीईवरून एएचसीआयवर जायचंच असेल तर विंडोज १० मध्ये एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट चालू करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या आणि मग सेफ बूट काढा.

१६. दरवेळी तारीख मागे जाते आणि वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणतात.

मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी बदला. तारीख मागे गेली की साइटची प्रमाणपत्रं अजून लागू न झालेली वाटतात, विंडोजचं अ‍ॅक्टिव्हेशन आणि अपडेटही अडतं. बॅटरी काढण्याआधी बायोसच्या साटा मोड आणि बूट या पानांचे फोटो काढा. काही लॅपटॉपमध्ये ती वायर जोडलेल्या प्लॅस्टिकच्या आवरणात असते. तसलीच मागवावी लागते.

१७. लिनक्सचं पार्टिशन डिलीट केलं आणि आता 'ग्रब रेस्क्यू' येतं.

ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या सुरुवातीला किंवा ईएफआय पार्टिशनमध्ये राहिला, उरलेला तुम्ही पुसला. विंडोज जशीच्या तशी आहे. एमबीआर मशिनवर प्रश्न १४ मधलं फिक्सएमबीआर पुरतं. यूईएफआयवर तेवढंही नको: बायोसच्या बूट क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' वर न्या. दोन्ही ठेवायच्या असतील तर विंडोज आधी, लिनक्स नंतर.

१८. प्रोसेसर ६४ बिटचा आहे, तरी ६४ बिटचा पेनड्राइव्ह ओळखत नाही.

बे ट्रेल पिढीचे अ‍ॅटम वापरणारे अनेक छोटे लॅपटॉप आणि टॅबलेट, तसंच २००६-०७ चे मॅक यांत प्रोसेसर ६४ बिटचा पण ईएफआय ३२ बिटचं असतं. असं ईएफआय फक्त ३२ बिटचा बूटलोडर चालवतं. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती टाका, किंवा अशी लिनक्स निवडा जिच्या आयएसओमध्ये 'बूटआयए३२' फाइल आहे. डेबियनची मल्टी-आर्क आयएसओ याचसाठी निघत असे.

१९. एका जुन्या मशिनरीच्या सॉफ्टवेअरसाठी एक्सपीच लागते. ती नव्याने कशी टाकू?

साटा मोड आयडीईवर ठेवा. एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हर नाही, आणि सुरुवातीला एफ६ दाबून तो द्यायचा तर सेटअप फ्लॉपीच मागतो. सर्व्हिस पॅक ३ असलेली सीडी वापरा. सर्व्हिस पॅक १ च्याही आधीच्या सीडीला १३७ जीबीपुढची डिस्क नीट हाताळता येत नाही. रुंद पट्टीच्या केबलची आयडीई डिस्क असेल तर एका केबलवरच्या दोन उपकरणांपैकी एकाचा जंपर मास्टर आणि दुसऱ्याचा स्लेव्ह हवा. दोन्ही मास्टर असतील तर बायोसला कधी एकच दिसतं, कधी एकही नाही.

एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, त्यामुळे तिला इंटरनेट जोडू नका. मशिनरीचं कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसवावं लागत नसेल आणि जोडणी सिरियल किंवा यूएसबीने असेल, तर नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशिनमध्ये एक्सपी चालवून पोर्ट आत जोडता येतो. सगळं जुळलं की त्या डिस्कची पूर्ण इमेज क्लोनझिलाने काढून दोन ठिकाणी ठेवा; त्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी पुढच्या वेळी सापडेलच असं नाही.